जमा-खर्चाची सुई

जुन्या जीपच्या डॅशबोर्डवर एक गोल मीटर असतं. मधोमध शून्य, डाव्या टोकाला वजा ३०, उजव्या टोकाला अधिक ३०. पुस्तकात त्याला अँमीटर म्हणतात, गॅरेजात अँपिअर मीटर. बॅटरीतून वीज बाहेर जात असेल तर सुई डावीकडे झुकते, बॅटरीत वीज येत असेल तर उजवीकडे. आजच्या गाड्यांमध्ये हे मीटर नसतं. त्याऐवजी बॅटरीचं लाल चित्र असतं, आणि ते पेटतं तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

माझ्या मामांचं सेमाडोहला किराण्याचं दुकान आहे. त्यांनी मला हे मीटर दुकानदाराच्या भाषेत शिकवलं होतं. "डावीकडं खर्च, उजवीकडं जमा. दिवस संपल्यावर सुई कुठी होती ते पाह्यचं. खर्चच खर्च दिसला तर समज का दुकान बसलं."

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला इलेक्ट्रिकल मशिन्सचा पेपर होता. त्यात डायनामो होता, अल्टरनेटर होता, दोघांच्या आकृत्या होत्या. पण गाडीत यातलं कोणतं मशीन बसवायचं, कोणत्या आकाराचं, आणि ते रात्री अकरा वाजता जंगलात बंद पडलं तर काय, हे प्रश्न त्या पेपरात नव्हते. ते गेल्या पावसाळ्यात मामांच्या जीपमुळे समोर आले.

*

सेमाडोह अमरावती जिल्ह्याच्या चिखलदरा तालुक्यात आहे. परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता घटांगवरून घाट ओलांडतो आणि सिपना नदीच्या काठी या गावात येतो. मेळघाट हा १९७३-७४ साली जाहीर झालेल्या देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. त्यामुळे बाहेरच्या लोकांना सेमाडोह म्हणजे पर्यटक संकुल, उघडी जिप्सी आणि नशीब असेल तर वाघ. गावातल्या माणसांसाठी तो रस्ता म्हणजे बाजार, बँक, कॉलेज आणि मोठा दवाखाना. यातलं बरंच काही खाली परतवाड्याला आहे, पन्नासेक किलोमीटरवर.

मामांची जीप सत्तरच्या दशकाच्या अखेरची, डिझेल, एका सरकारी लिलावात घेतलेली. ती आठवड्यातून दोनदा परतवाड्याहून माल आणते. उरलेल्या दिवसांत ती दुकानासमोर उभी असते, आणि आजूबाजूच्या पाड्यांत कोणाला अडचण आली की लोक तिच्याकडे पाहतात. मामा कोरकू चांगलं बोलतात. मध्यरात्री दार वाजलं की ते आधी चप्पल शोधतात आणि मग विचारतात, कोण आहे.

गेल्या जुलैत मी लॅपटॉप घेऊन तिथे राहायला गेले होते. एका रात्री साडेदहाला दार वाजलं. बाळंतीण अडली होती, तिला खाली न्यायला सांगितलं होतं. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन आधीच निघाली होती. मागच्या बाकावर ती मुलगी, तिची सासू आणि मामी. पुढे मामा आणि मी. बाहेर धो धो पाऊस.

निघताना दिवे पांढरे होते. घाट लागला तोवर ते पिवळे झाले. सुई डावीकडे पडलेली होती आणि तिथून हलत नव्हती. धुकं असल्यामुळे वेग वीसच्या वर जात नव्हता, आणि डिझेल वाचवायची जुनी सवय म्हणून मामा गाडी लवकर वरच्या गिअरात टाकत होते. वायपर काचेवर अर्ध्यात थांबून मग पुढे सरकायला लागला.

मग मामांनी जीपमध्ये भारनियमन सुरू केलं. आधी माझ्या फोनचा चार्जर उपटला. मग एफएम बंद. मग खालचे दोन फॉग लाईट. वायपर बंद करून ते काच डाव्या हाताने बाहेरून पुसायला लागले, आणि दर दहा मिनिटांनी एक मिनिट वायपर चालू. विदर्भात वाढलेल्या माणसाला कोणत्या क्रमाने काय बंद करायचं हे शिकवावं लागत नाही. "इंजिन बंद पडू द्याचं नाई फक्त," ते म्हणाले. घाट उतरल्यावर एक ट्रक सापडला. त्याच्या मागच्या लाल दिव्याला धरून आम्ही परतवाड्याला पोचलो. पहाटे मुलगी झाली. दोघी बऱ्या होत्या.

सकाळी दवाखान्याच्या आवारात बॅटरीला मल्टीमीटर लावलं. ११.७ व्होल्ट. बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असते तेव्हा स्थिर अवस्थेत १२.६ च्या आसपास दाखवते. ११.७ म्हणजे डबा खडखडत होता.

*

डायनामो बिघडलेला नव्हता. तो त्याच्या पाटीवर लिहिलं होतं तेवढं काम करत होता. पाटीवर लिहिलं होतं २२ अँपिअर.

दुकानाच्या वहीतल्या एका पानावर आम्ही खर्च मांडला. हेडलाईटचे दोन बल्ब, ६० वॅटचे, म्हणजे १२०. मागचे दिवे, नंबरप्लेट, डॅशबोर्ड मिळून २५. वायपरची मोटर ५०. फॉग लाईट दोन, ३५ चे, म्हणजे ७०. एफएम २०, चार्जर २०. बेरीज ३०५ वॅट. तेराच्या आसपास व्होल्ट धरले तर २३ अँपिअरहून जास्त. म्हणजे पावसाळी रात्री डायनामो पूर्ण ताकदीने फिरला तरी खर्च जमेपेक्षा मोठा, आणि सेल मारताना बॅटरीतून गेलेली वीज परत भरण्याचा हिशेब तर यात धरलेलाच नाही.

त्यातून डायनामो पूर्ण ताकदीने फिरतच नाही. इंजिन आयडलवर असलं की त्याचं व्होल्टेज बॅटरीपेक्षा खाली असतं. तेव्हा बॅटरीची वीज उलटी डायनामोत जाऊ नये म्हणून कटआऊट नावाची डबी मधला संपर्क तोडते. म्हणजे हळू चालताना जमा शून्य. धुक्यात, वरच्या गिअरात, वीसच्या वेगाने रांगणाऱ्या जीपची हीच अवस्था होती.

दिवे एवढे लवकर का मेले, याचंही उत्तर आहे. तापलेल्या तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून खूप वेगाने होतो. व्होल्टेज एक षष्ठांशाने उतरलं की उजेड जवळपास निम्मा होतो. १३.२ ला पांढरा दिसणारा दिवा ११ ला कंदील वाटतो.

ही जीप नवी होती तेव्हा २२ अँपिअर पुरेसे होते. तेव्हा तिच्यात फॉग लाईट नव्हते, एफएम नव्हतं, चार्जर नव्हता. चाळीस वर्षांत खर्चाच्या बाजूला एकेक ओळ वाढत गेली, जमेची बाजू तीच राहिली.

*

डायनामो आणि अल्टरनेटर या दोघांचं मूळ एकच आहे. फॅरडेने १८३१ साली दाखवून दिलं की तारेचं वेटोळं आणि चुंबक एकमेकांच्या संदर्भात हलले की तारेत वीज तयार होते. प्रश्न फक्त एवढा की फिरायचं कोणी आणि थांबायचं कोणी.

डायनामोत चुंबक थांबतो आणि तारांचं वेटोळं, म्हणजे आर्मेचर, फिरतं. तयार झालेली सगळी वीज फिरत्या भागात असते. ती बाहेर काढायला तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर आणि त्यावर घासणारे कार्बन लागतात. बावीसच्या बावीस अँपिअर त्या कार्बनमधून जातात. ते झिजतात, ठिणग्या उडतात, आणि आर्मेचर जड असल्यामुळे फार जोरात फिरवता येत नाही.

अल्टरनेटरमध्ये हे उलटं असतं. चुंबक फिरतो, तारा थांबतात. फिरत्या चुंबकाला जागं ठेवायला तीन-चार अँपिअर पुरतात, कार्बनला तेवढंच वाहावं लागतं. मोठा प्रवाह थांबलेल्या तारांमधून थेट बाहेर येतो. त्यामुळे मशीन हलकं होतं, इंजिनच्या दुप्पट वेगाने फिरवता येतं आणि आयडललाही काहीतरी देतं. अडचण एकच होती. अशी वीज उलटसुलट दिशेची, म्हणजे एसी असते, आणि बॅटरीला एका दिशेची लागते. दिशा सरळ करायला लहान, स्वस्त, उष्णता सोसणारे सिलिकॉन डायोड हवे होते, आणि ते पन्नासच्या दशकाच्या अखेरीस मिळायला लागले. क्रायस्लरने १९६० च्या व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर सरसकट द्यायला सुरुवात केली. पुढच्या काही वर्षांत जगभर डायनामो मागे पडला.

आपल्याकडे हा बदल सावकाश आला. महिंद्राने १९४७ मध्ये विलीज जीपचे सुटे भाग आणून मुंबईत जोडायला सुरुवात केली, आणि त्या घराण्याच्या जीप पुढे कित्येक दशकं थोड्याफार फरकाने बनत राहिल्या. म्हणून आजही विदर्भातल्या एखाद्या गॅरेजात डायनामोची जीप आणि टचस्क्रीनवाली एसयूव्ही शेजारी उभ्या असतात. मेकॅनिक लोक दोन्ही मशीनला सर्रास डायनामोच म्हणतात. मला आधी ते खटकायचं. पण कोणत्या गाडीत काय आहे हे त्यांना आवाजावरून कळतं, मग नावाचं काय घेऊन बसायचं.

*

परतवाड्याचे एक ऑटो इलेक्ट्रिशियन मामांचं काम करतात. सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणतात. त्यांच्या दुकानात एक लोखंडी टेबल आहे. त्यावर एक मोटर, एक बेल्ट, आणि लाकडी फळीवर जुन्या हेडलाईटचे आठ बल्ब. कोणतंही मशीन आलं की मोटरला जोडायचं, एकेक बल्ब लावत जायचं आणि कितव्या बल्बला सगळे मंद होतात ते पाहायचं. कंपनीत आम्ही ज्याला लोड टेस्टिंग म्हणतो आणि त्यासाठी आठवडाभर मीटिंगा घेतो, ते इथे चहा येईपर्यंत उरकतं.

पर्याय तीन होते.

पहिला, एसीवाल्या गाडीचा ९० अँपिअरचा. स्पेअर पार्टच्या एका काउंटरवर हाच घ्या असा आग्रह झाला होता. मामांनाही तो आकडा आवडला होता. "एकदाच मोठा लावून टाकू. पुन्हा भानगड नाई."

दुसरा, डिझेल पिकअपमधून काढलेला, ६५ च्या आसपासचा. तो दिसायला वेगळा होता. पाठीला एक जाड भोपळ्यासारखा भाग. तो व्हॅक्यूम पंप.

तिसरा, लहान गाडीचा ४५ चा. पाठीला दोन स्क्रूने बसवलेला रेग्युलेटर, त्यातच कार्बन.

९० चा आकडा ऐकायला चांगला आहे, पण तो मशीन साधारण सहा हजार फेऱ्यांनी फिरत असताना आणि थंड असताना मोजलेला असतो. मामांची जीप ७०० फेऱ्यांवर आयडल करते. इंजिनची पुली अल्टरनेटरच्या पुलीच्या दुप्पट व्यासाची असेल तर अल्टरनेटर १४०० ने फिरेल. घाटात धुक्यातून रांगताना इंजिन हजार-बाराशेवर, म्हणजे अल्टरनेटर दोन ते अडीच हजारावर. सहा हजारचा आकडा हायवेचा आहे, आणि घटांगच्या घाटात हायवे नाही. म्हणून पाहायचं ते पाटीवरच्या शेवटच्या आकड्याकडे नाही, हळू फिरताना काय मिळतं त्याकडे.

मिस्त्रींनी मोटर हळू फिरवली आणि फळीवरचे बल्ब लावत गेले. १४०० च्या आसपास दोन्ही मशीन सारखीच निघाली, उलट ४५ वालं जरा आधी जागं झालं. अडीच हजाराला ४५ वाल्यावर सहा बल्ब नीट जळत होते. मोठ्याची मोठेपणा दाखवायची जागा त्याच्याही पुढे होती.

"मोठ्या अल्टरले अजून एक रोग आहे," मिस्त्री म्हणाले. "बेल्ट रडते."

त्याचंही गणित सरळ आहे. १४ व्होल्ट गुणिले ९० अँपिअर म्हणजे १२६० वॅट. अल्टरनेटरची कार्यक्षमता निम्म्याहून थोडी जास्त धरली तर इंजिनकडून सव्वादोन हजार वॅट, म्हणजे तीन अश्वशक्ती ओढावी लागते. जुन्या जीपमध्ये एकच व्ही-बेल्ट असतो, आणि तोच पाण्याचा पंप आणि पंखा फिरवतो. बॅटरी उतरलेली असताना मोठं मशीन पूर्ण जोराने चार्ज करायला लागलं की तो पट्टा घसरतो, किंचाळतो, तापतो आणि तुटतो. मग वीज तर जातेच, इंजिनही तापतं. विजेचा प्रश्न सोडवायला गेलो आणि पाण्याचा प्रश्न घेऊन आलो, असं व्हायचं.

पिकअपच्या मशीनचा अडथळा वेगळा होता. डिझेल इंजिनच्या इनटेकमध्ये पेट्रोल इंजिनसारखा व्हॅक्यूम तयार होत नाही, म्हणून ब्रेकच्या बूस्टरला व्हॅक्यूम द्यायला वेगळा पंप लागतो. आपल्याकडच्या बऱ्याच डिझेल गाड्यांमध्ये तो अल्टरनेटरच्याच शाफ्टवर पाठीमागे बसवलेला असतो आणि त्याला इंजिनचं ऑइल पाइपने दिलेलं असतं. याचा अर्थ असा की अशा गाडीत बेल्ट तुटला तर चार्जिंग जातं आणि थोड्या वेळाने ब्रेकचं पेडलही दगडासारखं कडक होतं. ब्रेक लागतो, पण दोन्ही पाय रोवून दाबावा लागतो. तुमच्याकडे जुनी बूस्टरवाली डिझेल गाडी असेल आणि कोणी बिनपंपाचा स्वस्त अल्टरनेटर सुचवला, तर तो नको म्हणा. मामांच्या जीपला बूस्टर नाही, पेडल पहिल्यापासूनच कडक. त्यांना पंप नको होता. आणि लावला असता तर त्याला ऑइलची वेगळी लाइन द्यावी लागली असती, कारण कोरडा फिरवला तर तो जळतो.

राहिला ४५ चा. गरज ठरली होती तीस-पस्तीसची. त्याची बेअरिंग आणि रेग्युलेटर परतवाड्यात कोणत्याही काउंटरवर मिळतात. मामांचा चेहरा मात्र उतरलेला होता. "नव्वद सोडून पंचेचाळीस घ्याले लावून रायली माही भाची," ते मिस्त्रींना म्हणाले.

"भाऊ," मिस्त्री म्हणाले, "तुमाले जंगलात काय पाह्यजे? जे बंद पडल्यावर तुमच्या हातानं चालू होते, ते."

मी पुण्यात ज्या कामाचा पगार घेते त्यातला मोठा भाग म्हणजे सिस्टिम कुठे, कशी बंद पडू शकते याची यादी करणं. मिस्त्रींनी ती पूर्ण शिस्त एका वाक्यात बसवली होती. शहरात गाडी बंद पडली की टो करणारा येतो. सेमाडोहला पुढची पाच तास तुम्ही आणि तुमची टूलबॅग. तिथे मशीन निवडायचं म्हणजे त्यातला कोणता बिघाड आपल्याला परवडेल हे निवडायचं.

*

वायरिंगला एक रविवार गेला.

सगळ्यात आधी गाडीचा अर्थ तपासला. बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांमध्ये बॅटरीचा प्लस बॉडीला असायचा. तशा गाडीत अल्टरनेटर तसाच जोडला तर डायोड क्षणात जातात. जीपचा मायनस बॉडीला होता. ठीक.

डायनामो पाळण्यासारख्या ब्रॅकेटवर आडवा झोपलेला असतो. अल्टरनेटर एका पायावर उभा राहतो आणि वरच्या पट्टीने ताणला जातो. त्यामुळे नवा ब्रॅकेट वेल्डिंग करून घेतला. पुल्या एका रेषेत आहेत का हे मिस्त्रींनी ताणलेल्या सुतळीने पाहिलं. दोन मिलिमीटरचा फरक निघाला, तो वॉशर घालून काढला. एवढ्याशा फरकाने पट्टा एका बाजूने झिजतो.

डायनामोकडून कटआऊटकडे दोन वायरी जातात, डीची जाड आणि एफची बारीक. अल्टरनेटरचा रेग्युलेटर पोटातच असल्यामुळे कटआऊटचं काम संपलं, तो काढून टाकला. जाड वायर मिस्त्रींना ठेवायची होती, चांगली होती म्हणून. इथे मी हिशेब मांडला. ती चार चौरस मिलिमीटरची, लांबी तीन मीटर. तिच्यातून ४० अँपिअर गेले तर वाटेतच अर्धा व्होल्ट जातो आणि वीस वॅटची उष्णता तयार होते, इंजिनच्या तापात, जुन्या रबराच्या आत. सोळा चौरस मिलिमीटरची घेतली तर तोटा एक अष्टमांश व्होल्टवर येतो. मिस्त्रींनी वहीत डोकावून पाहिलं, मग उठून वेल्डिंगवाल्याकडून जाड केबलचा तुकडा मागून आणला. तीच लावली, थेट बॅटरीच्या प्लसपर्यंत, बॅटरीजवळ मोठा फ्यूज घालून. फ्यूज बॅटरीच्या बाजूलाच का? वायर कुठे घासून बॉडीला लागली तर आग लावण्याएवढा प्रवाह बॅटरी देते म्हणून.

तेवढंच लक्ष परतीच्या वाटेला. वीज प्लसने जाते आणि बॉडीवरून परत येते हे सगळ्यांना माहीत असतं, पण इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. इंजिन आणि चॅसिस यांच्यामधली विणलेली अर्थिंगची पट्टी गंजून हिरवी झाली होती. ती बदलली आणि खालचा रंग खरवडून घट्ट केली. जुन्या गाडीचे निम्मे विजेचे आजार या एका पट्टीत असतात, असं मिस्त्रींचं मत आहे.

एफची बारीक वायर वाया गेली नाही. ती डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या दिव्याला गेली. हा दिवा नुसता इशारा देणारा नाही. अल्टरनेटरच्या चुंबकाला पहिली जाग याच दिव्यातून गेलेल्या चिमूटभर विजेने येते. दोन वॅटचा बल्ब, सहावा भाग अँपिअर. तो बल्ब उडाला तर मशीन धडधाकट असूनही झोपून राहू शकतं. त्याच्या जागी शौकाने एलईडी लावला तरी तेच, कारण एलईडीतून पुरेसा प्रवाह जात नाही. चार किलोचं यंत्र शेंगदाण्याएवढ्या बल्बावर अवलंबून आहे, हे मला कोणत्याही पेपरात विचारलं गेलं नव्हतं.

आणि शेवटी तो अँपिअर मीटर. जुन्या रचनेत गाडीचा जवळपास सगळा प्रवाह डॅशबोर्डच्या मागून, त्या मीटरच्या पोटातून जातो. तीस अँपिअरच्या मीटरमधून चाळीस नेणं म्हणजे पायाजवळ शेगडी ठेवणं. तो काढायचा आणि व्होल्टमीटर लावायचा असं ठरलं. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "याच्यात जमा-खर्च कुठी दिसते?"

मी म्हटलं, "मामा, हे गल्ल्यातली शिल्लक दाखवतं. इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास असेल तर दुकान चालू आहे. साडेबाराच्या खाली जायला लागलं तर बसायला लागलंय."

त्यांनी मान डोलावली, पण जुनं मीटर कागदात गुंडाळून खिशात घातलं.

संध्याकाळी इंजिन चालू केलं. आयडलवर, सगळे दिवे, वायपर, फॉग लाईट लावून १२.७. ॲक्सिलरेटर जरा दाबला, १४.१. मिस्त्रींनी बेल्टला अंगठ्याने दाबून पाहिलं, हात पुसला आणि चहा सांगितला.

*

आता डायनामोची बाजू, कारण मामांनी ती लावून धरली होती आणि तिच्यात तथ्य होतं.

डायनामो क्षमाशील असतो. त्याच्या लोखंडात थोडं चुंबकत्व शिल्लक राहतं. त्यामुळे बॅटरी पूर्ण मेली असली तरी उतारावर जीप ढकलून चालू केली की तो स्वतःहून वीज बनवायला लागतो. जुन्या डिझेल इंजिनला चालायला वीज लागतच नाही, पंप यांत्रिक असतो. म्हणजे बॅटरीशिवाय घरी पोचता येतं. अल्टरनेटर मात्र जागा व्हायलाच बॅटरीकडे उसनवारी मागतो. बॅटरीत काहीच उरलं नसेल तर तो जागा होईल याचा भरवसा नाही. इंजिन धावेल, दिवे लागणार नाहीत.

दुसरं, अल्टरनेटरचे डायोड नाजूक असतात. डायनामोच्या काळात इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून "चार्जिंग आहे का" बघायची पद्धत होती. अल्टरनेटरवर हे करायचं नाही. अचानक भार तुटला की व्होल्टेज उसळतं आणि डायोड जातात, कधी रेग्युलेटरही. दुसऱ्या गाडीवरून जंप केबल लावताना प्लस-मायनस उलटे झाले तरी तेच. आणि गाडीवर वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडायच्या.

म्हणून दुकानातल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे. मामांच्या अक्षरात, मराठीत. गाडीत कायम ठेवायच्या वस्तू: एक फॅन बेल्ट. दोन वॅटचे दोन बल्ब. कार्बनसकट एक रेग्युलेटर. मोठा फ्यूज एक. तेरा-चौदाचे पाने. त्याखाली: चालू गाडीत बॅटरीची वायर काढू नये. त्याखाली, माझ्या सांगण्यावरून: धुक्यात एक गिअर खाली. डिझेल थोडं जाईल, पण इंजिन फिरतं राहील आणि जमाही होत राहील. बेल्ट आणि बल्ब मामांनी डोळ्यांवर पंचा बांधून बदलून दाखवले. रेग्युलेटरला आठ मिनिटं लागली, तीही बॅटरीच्या उजेडात.

त्या जुलैनंतर जीप रात्रीची पाच वेळा खाली गेली आहे. मी त्यातल्या एकाही वेळी नव्हते. प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी मामांचा फोन येतो. पेशंट कसा आहे ते आधी, मग आकडा. "तेरा पॉइंट आठ होता, घटांगले. पाऊस होता न."

जुना डायनामो त्यांनी भंगारात दिला नाही. तेल लावून, पोत्यात गुंडाळून तो तांदळाच्या कट्ट्यांमागे ठेवला आहे, कटआऊट आणि ते मीटर त्याच्याबरोबर. मिस्त्रींनी विचारलं की हा कायले ठेवला, तर म्हणाले, "राहू दे. खात नाई, पेत नाई."